मापाचा झंपर

दिवाळीच्या पाडव्याला लीड्सहून भाचीचा फोन आला. तिकडं जाऊन तिला सहा वर्षं झाली, पण बोलणं अजून आमच्या बिद्री गावचंच आहे. "आत्ती, परवा बाजारात गेल्तो. तुझ्यासाठी एक झकास जंपर बघून आलो. माप सांग." आम्ही कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतो, हे पुण्याच्या पाहुण्यांना अजून पचलेलं नाही. इंग्रजांना अडचण येत नाही, त्यांच्या क्रियापदाला लिंगच नाही. लिहिताना मात्र मी बाईच्या जातीनं लिहिते. अठ्ठावीस वर्षं पोरांना व्याकरण शिकवल्याची ती शिक्षा.

तर मी हरखले. झंपरपीस काय, सगळेच देतात. ओटीत येतो, आहेरात येतो आणि न शिवताच पुढच्या घरी जातो. पण शिवलेला झंपर, आणि तोही थेट इंग्लंडहून! मी कपाटातून मापाचा झंपर काढला, टेप लावली आणि सांगायला लागले.

"लिहून घे. उंची पंधरा. छाती चाळीस. शोल्डर साडेचौदा. मुंढा साडेआठ. बाही दहा, मोहरी साडेअकरा. पुढचा गळा सहा, मागचा आठ. मागं नाडी-गोंडे नकोत, या वयात बरं दिसत न्हाई. हुक पुढं. आणि आत माया भरपूर ठेवायला सांग."

पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही.

"आत्ती, उंची पंधरा म्हंजे? थंडीत पोट उघडं पडंल की."

"अगं, पोटावर साडी असती की."

"जंपरवर साडी?"

"मग काय, साडीवर जंपर?"

"व्हय!"

एवढ्या बोलण्यावर दोघींनाही दुसरीच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. तिनं फोटो पाठवला तेव्हा उलगडा झाला. इंग्लंडात जंपर म्हणजे डोक्यातून घालायचा लोकरीचा स्वेटर. बिद्रीत झंपर म्हणजे साडीच्या आत घालतात तो. पुस्तकात त्याला पोलकं म्हणतात, शहरात ब्लाऊज. एकाच शब्दानं बोटीतून उतरताना एकीकडं बटणं टाकली, दुसरीकडं कमरेखालचा भाग.

मग मला शब्दकोश काढल्याशिवाय झोप येणार नव्हती. इंग्रजांचा जंपर मुळात खलाशी आणि मजूर घालायचे तो ढगळ डगला. कोशकार त्याचा माग काढत फ्रेंच 'ज्यूप'वरून थेट अरबी 'जुब्बा'पर्यंत जातात. आपला झब्बाही त्या जुब्ब्याचाच. म्हणजे माझा झंपर आणि आमच्या ह्यांचा झब्बा ही भावकी निघाली. पुरावा पक्का नाही, 'बहुधा' असं लिहून कोशकार बाजूला होतात. पण आमच्याकडं याहून कमी पुराव्यावर सोयरिकी जमलेल्या आहेत.

माझी आजी इरकल लुगड्यावर गुळेदगुड्डच्या खणाची चोळी घालायची. पुढं गाठ मारली की संपलं, हुकाची भानगड नाही. आई पोलकं म्हणायची, मी झंपर म्हणते, सून ब्लाऊज म्हणते. कापड तेवढंच, ऐंशी सेंटिमीटर. शिलाई मात्र दर नावाला वाढत गेली.

मापाच्या झंपराबद्दल जरा सांगायलाच पाहिजे, कारण तो माझा खरा चरित्रकार आहे. आमच्याकडं बाई टेलरकडं जाऊन अंगाचं माप देत नाही. अंगात नीट बसणारा एक जुना झंपर देते आणि सांगते, "असाच शिवा." माझा मापाचा झंपर १९९४ साली शिवलेला आहे. तो उलटा करून बघितला तर बाजूच्या शिवणीला उसवलेल्या टिपांच्या चार रांगा दिसतात, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या. पहिली थोरल्याची, दुसरी धाकटीची, तिसरी थायरॉइडची, चौथी निवृत्तीची. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला आमच्या शिंप्यांनी 'माया' हा शब्द कधी आणि कुणाकडून घेतला कोण जाणे. बाई कायम एवढीच राहणार नाही हे धरूनच शिंपी कात्री चालवतो. चौथ्या वेळी टेलरनं झंपर उजेडाकडं धरला आणि म्हणाला, "बाई, आता माया संपली." मास्तरकी केलेल्या बाईला इतकं गंभीर वाक्य एकदम ऐकवू नये.

तर भाचीचा जंपर. तिनं सांगितलं की असा जंपर डोळे झाकून घ्यायचा नसतो. अंगाचा आकार आणि कातडीचा रंग बघून घ्यायचा असतो. लगेच पाच चित्रं आली. नासपती, सफरचंद, वाळूचं घड्याळ, आयत आणि उलटा त्रिकोण. "यातली तू कोण?"

संध्याकाळी कट्ट्यावर मी हा विषय काढला. चूक झाली.

"नासपती म्हंजे काय?" शेजारच्या काकींनी विचारलं.

"पेरूवानी असतंय, पण महाग," आमच्या जाऊबाई म्हणाल्या.

कधी न बघितलेल्या फळावरून स्वतःला ओळखणं कुणाला जमेना. म्हणून भाषांतर करावं लागलं. नासपतीला मिरजेचा तंबोरा म्हणायचं ठरलं, वर निमुळता आणि खाली भोपळा. सफरचंदाला घागर. आयत म्हणजे सरळ ऊस, त्यातही कारखान्याला जायच्या आधीचा. उलटा त्रिकोण म्हणजे गुळाचा रवा, वर रुंद आणि खाली आवळलेला. वाळूच्या घड्याळाला डमरू म्हटलं. डमरू आमच्या गल्लीत एकच निघाली, नुकतीच लग्न होऊन आलेली. तिला कट्ट्यावर बोलवायचं नाही, असं एकमतानं ठरलं.

जाऊबाईंनी मला एका नजरेत घागर ठरवलं. मी त्यांना तंबोरा म्हणणार होते, पण त्यांची सून शेजारीच बसली होती.

आता या पाचांना सल्ला काय? घागरीनं व्ही गळा घ्यावा, नजर वर-खाली फिरते आणि मधल्या घेरावर टिकत नाही. तंबोऱ्यानं वरच्या बाजूला रुंद गळा आणि उठावदार रंग घ्यावा, म्हणजे बघणारा भोपळ्यापर्यंत पोचत नाही. उसानं कमरेला घट्ट पट्टीचा जंपर घालावा, कंबर आहे असा समज होतो. रव्यानं खांद्यावर झालर किंवा फुगा घेऊ नये. डमरूनं काहीही घालावं. सगळी विद्या बघणाऱ्याला चकवायची. जणू तो मोजणीदार आहे आणि बाई म्हणजे हद्दीचा वाद लागलेला गट नंबर.

यात एक गंमत आहे. उभ्या रेघांनी माणूस बारीक दिसतो आणि आडव्यांनी जाड, हे जगातल्या यच्चयावत टेलरांना तोंडपाठ असतं. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८६७ सालीच दाखवून दिलं होतं की, आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट जास्त उंच आणि अरुंद दिसतो. मी हे आमच्या टेलरला सांगितलं. तो म्हणाला, "त्यो चौकोनाचं बोलतोय बाई. चौकोन परत येऊन भांडत न्हाई."

शिवाय साडीचं काय? साडेपाच मीटर कापड कमरेला गुंडाळलं की घागर, तंबोरा, रवा सगळे निऱ्यांत बुडतात. घागर आणि ऊस शेजारी उभे केले तर फरक फक्त निऱ्यांच्या संख्येत. घागरीच्या पाच, उसाच्या नऊ.

आकारानंतर रंग. १९८० साली कॅरोल जॅक्सन नावाच्या अमेरिकन बाईंनी पुस्तक लिहून बायकांची चार ऋतूंत वाटणी केली. कुणी वसंत, कुणी ग्रीष्म, कुणी शरद, कुणी हिवाळा. ज्या त्या ऋतूनं आपापले रंग वापरायचे. भाचीच्या मते मी शरद. मी तिला म्हटलं, "बिद्रीत तीनच ऋतू, हे विसरलीस काय? उन्हाळा, पावसाळा आणि गळीत हंगाम." दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचा भोंगा वाजला, ट्रॉल्यांची रांग रस्त्याला लागली, मराठवाड्यातल्या तोडकऱ्यांच्या खोपी उभ्या राहिल्या की आमचा हिवाळा. पट्टा पडला की संपला. त्यात मला शोभणारा ऋतू कुठला म्हणावा? सभासदाची साखर मिळते तो.

ऋतू ओळखायच्या दोन परीक्षा असतात. मनगटावरच्या शिरा बघायच्या. हिरवट दिसल्या तर कातडीची छटा उबदार, निळसर दिसल्या तर थंड. माझ्या मनगटावर डझनभर हिरव्या बांगड्या. शिरा हिरव्याच दिसणार. दुसरी परीक्षा दागिन्यांची. सोनं खुलतं की चांदी? हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात विचारायचा नसतो. गळ्यात गुजरीतला साज, पायात हुपरीचे पैंजण. सोनं पायात घालत नाहीत म्हणून चांदी पायात. त्या हिशेबानं आमची प्रत्येक बाई कमरेपर्यंत उबदार आणि खाली थंड.

कातडीच्या रंगाला आमच्याकडं शब्द कमी पडत नाहीत. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. पण ते शब्द लग्नाच्या बायोडाट्यासाठी. लग्न झालं की तो रकाना बंद होतो आणि पुन्हा कुणी विचारत नाही. मुरगूडला मॅचिंग सेंटरमध्ये तीस वर्षं जाते आहे, तिथं एकदाही माझ्या तोंडाकडं बघून रंग काढलेला नाही. मी साडी काउंटरवर ठेवते. दुकानदार काठ चिमटीत धरतो आणि विचारतो, "काठाला घ्यायचा की अंगाला?" हे अंग साडीचं, बाईचं नव्हे. मग तो टू बाय टू रुबियाचे चाळीस तुकडे पत्त्यांसारखे पसरतो. चटणी, राणी, रामा, गाजरी, आमसुली, वांगी, अबोली, डाळिंबी, मोतिया. त्यातले दोन बाजूला काढतो आणि साडी उचलून दारात जातो, कारण ट्यूबलाइटवर त्याचा विश्वास नाही. दारातल्या उन्हात साडी आणि झंपरपीस एकमेकांना दाखवले जातात, स्थळं दाखवावीत तसे. मी मागं उभी. दोघांनी एकमेकांना पसंत केलं की पैसे माझे. झंपर बाईला शोभावा अशी अपेक्षाच नसते, तो साडीला शोभला की झालं. त्यामुळं साठाव्या वर्षी कुणीतरी परदेशातून 'तुला काय खुलतं' असं विचारलं, तर सांगायला माझ्याकडं काही नव्हतं. मी तिला आवडत्या साडीचा रंग सांगितला.

स्वेटर आमच्याकडं नाही असं नाही. पण आमची थंडी पहाटे चारला सुरू होते आणि नऊला उन्हात विरघळते. या पाच तासांसाठी घरात जेवढी माणसं त्याच्या निम्मे स्वेटर पुरतात. पहाटे डेअरीत दूध घालायला जाणाऱ्यांची रांग बघावी. लुंगीवर मरून स्वेटर, डोक्याला माकडटोपी, हातात किटली. तोंडं दिसतच नाहीत, माणसं स्वेटरवरून ओळखायची. त्यामुळं धाकट्या भावाला थोरल्याच्या उधारीची आठवण करून दिली जाते.

या रांगेत आख्खं क्रिमियन युद्ध उभं असतं, हे रांगेतल्यांना माहीत नाही. १८५४ साली बालाक्लाव्हाच्या लढाईत लॉर्ड कार्डिगननं घोडदळ थेट रशियन तोफांच्या तोंडी घातलं. निम्मे घोडे मेले आणि पुढं बटणं असलेल्या स्वेटरला कार्डिगनचं नाव राहिलं. बालाक्लाव्हाच्या नावानं इंग्रज जिला ओळखतात, ती आमची माकडटोपी. त्या युद्धातला इंग्रजांचा सरसेनापती लॉर्ड रॅगलन. त्याचा उजवा हात वॉटर्लूला गेला होता. गळ्यापासून तिरकी निघणारी रॅगलन बाही त्याच्या नावाची, आमच्या शिवणक्लासात अजून शिकवतात. एवढे सरदार अंगावर घेऊन आमचे हे रोज पहाटे दोन लिटर म्हशीचं दूध घालून येतात आणि फॅट कमी लागली म्हणून भांडतात.

डिसेंबरच्या अखेरीला पार्सल आलं. रंग भाचीच्या भाषेत टील, मॅचिंगवाल्याच्या भाषेत रामा. व्ही गळा, कारण घागर. दोन साइझ मोठा, कारण सध्या ढगळ घालायची पद्धत आहे म्हणे. आणि चिठ्ठी: 'शंभर टक्के मेरिनो लोकर.' जाऊबाईंनी हात फिरवून बघितला. "कशाची लोकर?" "मेंढीची." आमच्याकडं मेंढीला बकरीच म्हणतात. मुदाळ तिट्ट्याजवळ आदमापूर, संत बाळूमामांचं. त्यांची बकरी गेल्या साली आमच्या रानात बसायला आली होती. "मग हितली काय वाईट हाय?" जाऊबाईंचा मुद्दा बरोबर होता. फरक एवढाच की मेरिनोचा तंतू चोवीस मायक्रॉनच्या आतला, तळहाताला लोण्यासारखा लागतो. आमची दख्खनी लोकर राठ. तिचं घोंगडं होतं. चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेलं ते घोंगडं पहिल्या वर्षी माणसाला टोचतं, नंतर माणूस त्याला सरावतो. पण घोंगड्यानं कधी कुणाला तू घागर की तंबोरा असं विचारलेलं नाही. पांघरलं की पांघरूण, अंथरलं की बैठक, डोक्यावर खोळ केली की पावसात छत्री. आकार एकच, लांबट चौकोनी.

जंपर अंगात घालणं हा मोठा कार्यक्रम ठरला. डोक्यातून घालायचा, पण डोक्याला अंबाडा. आधी अंबाडा अडकला, मग मंगळसूत्र, मग उजव्या हाताच्या बांगडीनं बाहीतला एक टाका ओढून आणला. डोकं एकदाचं बाहेर आलं तेव्हा कपाळावरची टिकली आत कुठंतरी राहिली होती. ती पुढं आठवडाभर पोटावर सापडत राहिली. मग पदर. या बाबतीत इंग्रजी सल्ल्याची पुस्तकं गप्प आहेत. पदर जंपरच्या आत घेतला तर बाई पार्सलासारखी दिसते. बाहेर घेतला तर व्ही गळा झाकला जातो, म्हणजे ज्या गळ्यासाठी फळांची परीक्षा झाली तोच दिसत नाही. तिसरी रीत, पदर पाठीमागून आत आणि टोक खालून बाहेर. तशी मी दारात उभी राहिले तर ह्यांनी विचारलं, "पाठीला लागलंय काय?"

शेवटी व्हायचं तेच झालं. पहाटे उठले तर जंपर खुंटीवर नव्हता. डेअरीच्या रांगेत होता, लुंगीवर. ह्यांना तो छान दिसत होता, हे मला कबूल करायला हवं. हे उसाच्या जातीचे. ढगळ कापड त्यांच्यावर पडतं कसं!

चार दिवसांनी जंपरला शेणाचा, दुधाचा आणि तंबाखूचा वास यायला लागला, तेव्हा मी तो धुवायला घेतला. आत लेबलावर चित्र होतं, पाण्याच्या घमेल्यात बुडवलेला हात. मला वाटलं, हातानं चांगला चोळून धुवा असं असेल. बंबातलं कडकडीत पाणी घेतलं, वडी साबण लावला, दगडावर घेतला आणि धोपाटण्यानं मनापासून बडवला. तिसऱ्या पिळ्याला शंका आली. हातातला जंपर हलका होण्याऐवजी घट्ट होत चालला होता.

माझ्या माहेरी सणगर गल्ली होती. तिथं लहानपणी बघितलेलं तेव्हा आठवलं. पिंजलेली लोकर पसरायची, पाणी आणि साबण मारायचा, गुंडाळून पायाखाली रगडायची. माग नाही, सुई नाही, तरी लोकर आवळत जाऊन जाड बसकूर तयार होतं. त्याला जेन म्हणतात. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. ऊन पाणी आणि मार मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. मी न्हाणीत बसून, कुणी शिकवलं नसताना, मेरिनोचं जेन केलं होतं.

वाळल्यावर टेप लावली. उंची सोळा. छाती चाळीस. बाही साडेदहा.

मी तो टेलरकडं नेला. त्यानं उलटा केला, शिवणी चाचपल्या आणि मान हलवली. "बसंल तुम्हाला. पण यात माया अजिबात न्हाई बाई." मग जरा विचार करून म्हणाला, "पुढनं कापतो, हुक लावून देतो." शिलाई दीडशे घेतली, जाड कापड म्हणून.

आता प्रश्न एकच उरला. रामा रंगाच्या त्या झंपरावर जाईल अशी साडी माझ्याकडं नव्हती. मुरगूडला गेले. पिशवीतून झंपर काढून काउंटरवर ठेवला. दुकानदारानं सवयीनं विचारलं, "साडी कुठाय?" मी म्हटलं, "तीच बघायला आलोय." त्यानं एकदा झंपराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, मग झंपर उचलला आणि चपला न घालताच दारातल्या उन्हात गेला.